ड्रायरची कुरकुर आणि जून महिना

गेल्या मे महिन्यात मी आईला फोनवर सांगितलं, की आमचा ड्रायर भयंकर आवाज करतोय. पुण्याहून लगेच सल्ला आला. "अगं, आतलं प्लॅस्टिकचं झाकण बसवलंस का? आणि सगळे कपडे एका बाजूला कोंबू नकोस." सल्ला चोख होता, फक्त तो वेगळ्याच यंत्राबद्दल होता.

तुम्ही अमेरिकेत किंवा कॅनडात असाल, तर हा गोंधळ तुमच्याही घरी झाला असेल. महाराष्ट्रात ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला तो शेजारचा अरुंद डबा. कपडे नीट पसरले नाहीत, तर अख्खं मशीन बाथरूमभर चालायला लागतं. तो डबा कपडे वाळवत नाही, पिळतो. पण आमच्या लहानपणी टीव्हीवर औरंगाबादच्या व्हिडिओकॉनच्या वॉशिंग मशीनची जाहिरात लागायची आणि हे मशीन कपडे वाळवतंसुद्धा, असं त्यातलं गाणं ठासून सांगायचं. पिळण्याच्या डब्याला आपण ड्रायर म्हणायला लागलो, त्यात अशा जाहिरातींचा वाटा असणार असं मला वाटतं. खरं वाळवायचं काम गॅलरीतल्या तारेचंच राहिलं. गरम हवेचा, मोठ्या ढोलाचा ड्रायर आपल्या भाषेत आलाच नाही, कारण घरात आला नाही.

आमच्या घरात मात्र तो आहे. दोहा सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून आम्ही तो जुना विकत घेतला. नवरा रास लाफानला बारा तासांच्या पाळीत काम करतो आणि रात्रपाळी असली की दिवसा झोपतो. ड्रायर झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून. माझं कंत्राट डिसेंबरपर्यंत, पुढे कुठे जायचं ते ठरलेलं नाही, म्हणजे नवीन घेण्यात अर्थ नाही. एका सर्व्हिस सेंटरने फोनवरच आवाज ऐकून ४८० रियाल सांगितले. मशीन घेतलं होतं ५०० ला.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझी डॉक्टरेट धातूंच्या झिजेवर आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की काय होतं, यावर मी तीनशे पानं लिहिली आहेत. तरीही मी काय केलं, तर शिवणयंत्राचं तेल आणून मागच्या जाळीतून जिथे हात पोचेल तिथे सोडलं. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी आवाज दुप्पट. ड्रायरच्या पोटात कपड्यांचा सुटलेला बारीक कापूस, ज्याला लिंट म्हणतात, सतत उडत असतो. दोह्यात त्यात वाळूची धूळ मिसळते. तेलाला हे सगळं चिकटलं की वंगणाऐवजी पॉलिश पेपर तयार होतो. शिवाय लिंट चटकन पेट घेतं. ड्रायरला लागणाऱ्या आगींचं मोठं कारण न काढलेलं लिंट हेच असतं. तेव्हा तुम्ही तेल, डब्ल्यूडी-४०, खोबरेल, काहीही आत सोडू नका.

आवाज ओळखण्यासाठी मराठी फार सोयीची भाषा आहे, हे मात्र या निमित्ताने कळलं. इंग्रजी पुस्तिकेत 'असामान्य आवाज' एवढंच लिहिलेलं असतं. आपल्याकडे धपधप, खरखर, खुळखुळ, कुरकुर हे चार वेगळे आवाज आहेत आणि चौघांची कारणंही वेगळी. ढोल मागच्या बाजूला दोन रबरी चाकांवर, म्हणजे रोलरवर, टेकून फिरतो. रोलर एका बाजूने चपटा झाला, किंवा मशीन महिनोन्‌महिने बंद राहून पट्ट्यावर घडी बसली, की धपधप. ढोलाच्या कडेचं नमद्याचं अस्तर झिजून पत्रा पत्र्याला लागला की खरखर. पंख्यात नाणं किंवा बटण गेलं की खुळखुळ. आणि मोटर ते ढोल असा जो लांब पट्टा जातो, त्याला ताणून धरणारी एक छोटी पुली असते, स्प्रिंगवर बसवलेली. तिचं भोक झिजलं की कुरकुर, गरम झाल्यावर तिचीच किंकाळी. आमची कुरकुर होती.

मी प्लग काढला, समोरचा पत्रा उतरवला, पट्टा सोडवला आणि ढोल हाताने फिरवला. ढोल शांत. पुली बोटाने फिरवली तर ती डुगडुगली. प्लॅस्टिकची, जेमतेम लिंबाएवढी. तिच्या भोकात काळा चिकट लगदा, माझ्याच शिवणयंत्राच्या तेलाचा. एवढ्याशा वस्तूने अख्खं घर जागवलं होतं. ती एका पिशवीत टाकली आणि ठरवलं, की ही घेऊन इंडस्ट्रियल एरियात जायचं.

तिथे जाण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण हे यंत्र मुळात कोणासाठी निघालं, ते मला त्या आठवड्यात वाचावंसं वाटलं.

१८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशों नावाच्या माणसाने भोकाभोकांचा धातूचा ढोल केला. त्यात ओले कपडे घालायचे आणि विस्तवावर हाताने फिरवायचा. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास येई आणि काजळी लागे. पुढे अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावच्या जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने विस्तव काढून शेगडी आणली. कपडे एका चौकटीवर शेगडीजवळ टांगायचे. त्यात ढोल नाही, फिरणं नाही. त्याच्या पेटंटची तारीख ७ जून १८९२.

७ जून! तुमच्या घरी कालनिर्णय असेल तर बघा, आपल्याकडे मृग लागतो तो याच सुमारास. तिकडे कपडे वाळवण्याचं पेटंट निघालं आणि इकडे कोकणात त्याच आठवड्यात कपडे न वाळण्याचे चार महिने सुरू होत होते.

योगायोग इथेच संपत नाही. नॉर्थ डाकोटातला रॉस मूर हा पोऱ्या, आईला गोठवणाऱ्या थंडीत बाहेर कपडे वाळत घालावे लागतात हे बघून वैतागला आणि त्याने एका छपरीत शेगडी लावून कपडे वाळवायची सोय केली, अशी गोष्ट सांगतात. पुढे अनेक वर्षं तो फिरत्या ढोलाच्या यंत्रावर काम करत राहिला. अखेर विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्सच्या हॅमिल्टन कंपनीने ते घेतलं. ही कंपनी मुळात छापखान्याची लाकडी अक्षरं बनवायची. ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरने सुचवलं, की दाराला काच लावा, म्हणजे आत फिरणारे कपडे गिऱ्हाइकाला दिसतील. १९३८ मध्ये ड्रायर बाजारात आला, तो 'जून डे' या नावाने. विस्कॉन्सिनमध्ये जूनचा दिवस म्हणजे ऊन, वारा, दोरीवर फडफडणाऱ्या चादरी. हे नाव चिपळूणमध्ये कोणी ठेवलं असतं, तर दुकानात कुत्रंही फिरकलं नसतं.

माझी आजी चिपळूणची. तिच्या जूनमध्ये पोराबाळांची लंगोटं आणि दुपटी शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर वाळत. सॅम्पसनचं पेटंट तिने कधी ऐकलं नव्हतं. माजघरात आढ्याला टांगलेली एक बांबूची दांडी होती, तिच्यावर सोवळ्याचं लुगडं काठीनेच टाकायचं आणि काठीनेच काढायचं. वाळत घातलेल्या कपड्याला कोणाचा हात लागू नये म्हणून. लहानपणी मला ती काठी म्हणजे मोठी गंमत वाटायची. आता वाटते ती वेगळीच गोष्ट. घरचे मोठे कपडे परटाकडे जात. परीट बारा बलुतेदारांपैकी एक, गावाचं त्याच्यावाचून चालत नसे. पण त्याने धुऊन, घडी करून आणलेला स्वच्छ कपडा सोवळ्यात चालत नसे. मळ काढणाऱ्या हातांनाच विटाळ. गाडगेबाबा १८७६ साली शेणगावला परटाच्याच घरात जन्मले आणि आयुष्यभर गावोगावी हातात खराटा घेऊन फिरले, तेव्हा लोकांना त्यात काय काय दिसत असेल, याचा विचार आपण कमी करतो.

मुंबईला महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट पाहिला असेलच तुम्ही. साधारण १८९० चा. दगडी धक्के परदेशी पाहुण्यांच्या फोटोत येतात, पण खरी करामत वरच्या दोऱ्यांची आहे. दोरी दुहेरी, पीळ घातलेली, आणि कपड्याचं टोक त्या पिळात खुपसलेलं. चिमटा नाही, खिळा नाही. वाऱ्याने कपडा हलला की पीळ आणखी घट्ट. माझ्या तीनशे पानांत घर्षणाचं इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं उदाहरण एकही नाही.

मग दोह्यासारख्या उन्हाच्या गावात ड्रायर कशाला, असं तुम्ही विचाराल. आईनेही विचारलं. "तिकडे तर पाच मिनिटांत वाळतील!" उत्तर आमच्या भाडेकरारात आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते. अमेरिकेतल्या वाचकांना हे नवीन नाही. तिथल्या सोसायट्यांनी वर्षानुवर्षं दोऱ्यांवर बंदी घातली, इतकी की शेवटी कपडे वाळत घालण्याच्या हक्कासाठी कायदे करावे लागले. कोलोरॅडोत २००८ मध्ये, व्हरमाँट आणि मेनमध्ये २००९ मध्ये. दोरीवरचा कपडा सांगतो, की या घरात मशीन घ्यायला पैसे नाहीत. दांडीवरून काठीने लुगडं काढणाऱ्या आजीची लाज वेगळी होती आणि आमच्या इमारतीची वेगळी. पण कोणाचं वाळवण कुठे दिसावं, हे ठरवणारं कोणीतरी दोन्हीकडे आहे.

रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की घरातल्या यंत्रांनी बाईचं काम कमी केलं नाही. आधी धोबी, मोलकरीण, मुलं, नवरा यांच्यात वाटलेली कामं तिच्या एकटीकडे आली आणि स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या. माझ्यापुरतं त्यात एवढंच घालीन, की यंत्र बिघडलं की ते काम पुन्हा वाटलं जातं.

आमच्या बाबतीत ते सनाइयात गेलं. इंडस्ट्रियल एरियाला इथे टॅक्सीवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे सनाइया म्हणतात. अरबीत सिनाअ म्हणजे कारागिरी, बनवणं. याच शब्दापासून 'दार अस-सिनाअ', कारागिरीचं घर, आणि त्यावरून इटलीमार्गे इंग्रजीतला 'आर्सेनल' आला. सलवा रोडने दोह्याच्या नैऋत्येला निघालं की काचेच्या इमारती संपतात आणि नंबरांचे रस्ते सुरू होतात. गॅरेज, भंगार, टायर, पत्रे, लेथ, आणि त्यांच्यामध्येच कामगारांच्या राहण्याच्या इमारती. २०१० च्या कायद्याने कुटुंबवस्त्यांमध्ये कामगारांच्या निवासाला मनाई केली, त्यामुळे शहराचे दोन भाग आणखी स्पष्ट झाले. आमच्यासारख्यांना इकडे यायचं कारण म्हणजे काहीतरी मोडलेलं असणं.

कोरोनाच्या काळात हे नाव जगभरच्या बातम्यांत आलं. १७ मार्च २०२० ला १ ते ३२ नंबरच्या रस्त्यांचा भाग बंद करण्यात आला, आणि मे महिन्यापासून टप्प्याटप्प्याने उघडला. शहराच्या बाकीच्या भागात आम्ही घरून काम करत होतो आणि ब्रेड करायला शिकत होतो.

वॉशिंग मशीन आणि एसी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मी हिंदीत बोलायला सुरुवात केली. साठीच्या आसपासचे गृहस्थ पुली उलटसुलट करत होते. मी फोनवर नवऱ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलले, तशी त्यांनी मान वर केली. "कुठल्या गो तुम्ही?" आजी चिपळूणची म्हटल्यावर चेहरा उजळला. ते खेडचे. चिपळूण म्हणजे शेजारच. तिथून पुढे मी 'बाय' झाले आणि ते 'चाचा'.

"बाय, ह्यात तेल कोणी घातलान?"

"मीच."

"मग पुलीचा काय दोष?"

खेड, दापोली, मंडणगडच्या मुसलमान घरांतून आखातात येणारी ही पहिली पिढी नव्हे. चाचांचे आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर खलाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर जात. मग १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि तीच माणसं, तीच मुंबईतली ओळखीपाळखीची साखळी धरून, आखातात नोकऱ्यांना निघाली. चाचा आले तेव्हा १९८३ चा परदेशगमनाचा कायदा लागू झालेला होता, म्हणजे पासपोर्टवर परवानगीचा शिक्का आणि एजंटाचे खेटे. आता एकतीस वर्षं झाली.

मूळ कंपनीची पुली त्यांच्याकडे नव्हती. मागवली तर दोन आठवडे. त्यांनी विचारलं, "घाई आहे?" मी रात्रपाळीचं सांगितलं. त्यांनी पुलीचं झिजलेलं भोक लेथवर मोठं करून घेतलं आणि त्यात एक बेअरिंग दाबून बसवलं. ६०८ नंबरचं, आतलं माप ८ मिलिमीटर, बाहेरचं २२, जाडी ७. हेच बेअरिंग मुलांच्या स्केटिंगच्या चाकांत असतं, त्यामुळे जगात कुठेही आणि मातीमोल भावात मिळतं. प्लॅस्टिक लोखंडावर घासत होतं, तिथे आता गोळ्या फिरणार. हे मला सुचायला हवं होतं. माझा तो विषय आहे.

"तीस रुपये द्या," चाचा म्हणाले. तीस रियाल. इतक्या वर्षांतही ते रियालला रुपये म्हणतात, आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. कतारमध्ये भारतीय रुपयाच चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळा रुपया छापला, आणि ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केल्यावर इथल्यांनी तो सोडला. पुन्हा जून.

लेथचं काम होईपर्यंत मी बाहेर बघत होते. समोरच्या इमारतीत प्रत्येक मजल्याच्या गॅलरीत दोऱ्या होत्या आणि त्यांवर निळे, नारिंगी डगले, लुंग्या, बनियन. एकूणएक खोलीचं वाळवण रस्त्यावर. शोभेची अट इथे नव्हती. चाचांची खोलीही तिथलीच. मी बंदच्या दिवसांचं विचारलं. ते फार बोलले नाहीत. "कपडे रोज धुवायचो. काम नाही, काय करणार? वाळायला वीस मिनिटं. मग परत घडी."

दुपारचे बारा वाजले होते आणि रस्त्याच्या कामावर कोणी नव्हतं. २०२१ पासूनच्या नियमानुसार १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला बंदी आहे. त्याच निर्णयात आणखी एक अट आहे, तिच्यापाशी मी संशोधक म्हणून नेहमी थबकते. वेळ कोणतीही असो, एक विशिष्ट मोजमाप ३२.१ अंशांच्या वर गेलं की काम थांबवायचं. हे साधं तापमान नाही. त्यात तीन थर्मामीटर असतात. एक साधा, एक काळ्या गोळ्यात, आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. ओल्या फडक्याच्या आकड्याला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २०, साध्याला १०. अमेरिकन मरीन सैनिक पॅरिस आयलंडच्या शिबिरात उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा १९५० च्या दशकात ही पद्धत ठरवली गेली.

म्हणजे काय होतं बघा. हवा कोरडी असली की फडकं झपाट्याने वाळतं, वाळताना गार होतं, आकडा खाली राहतो. हवेत दमटपणा असला की फडकं वाळत नाही, आकडा चढतो. माणसाचा घामही तसाच. फडकं वाळलं नाही तर माणूस गार होत नाही. ऑगस्टमध्ये समुद्राकडून दमट हवा येते तेव्हा पारा जूनपेक्षा खाली असूनही धोका जास्त असतो, तो यामुळे. आजी जूनमध्ये दाराशी उभी राहून लुगड्याचा पदर चाचपायची आणि "आज काही खरं नाही" म्हणायची. तिचा अंदाज आणि हा नियम एकाच मोजणीवर उभे आहेत.

चाचांचं दुकान छपराखाली, म्हणून त्यांना ही बंदी लागू नाही. पंखा होता. मशीनच्या उघड्या ढोलावर त्यांचा एक ओला टॉवेल वाळत होता.

निघताना त्यांनी विचारलं, "पाऊस लागला का गावाला?" मी आईला फोन लावला. चिपळूणला लागला होता. खेडचं तिला माहीत नव्हतं, पण तीही म्हणाली, लागलाच असणार. चाचांनी मान हलवली आणि पुली पुसून पिशवीत घातली.

घरी पट्टा बसवायला मला चार प्रयत्न लागले. तुम्ही करणार असाल तर लक्षात ठेवा: पट्ट्याची खाचांची बाजू आत, ढोलाकडे. पुली स्प्रिंगच्या विरुद्ध दाबून धरायची आणि पट्टा तिच्याखालून वळवून मोटरच्या दांड्यावर चढवायचा. पत्रा लावण्याआधी ढोल हाताने दोन फेरे फिरवून बघायचा. आणि मागचं लिंट सगळं उपसायचं. आमच्या मशीनमधून निम्मी बादली निघालं, मातीच्या रंगाचं. त्यात आधीच्या कुटुंबातल्या कुठल्याशा पोराचा एक मोजाही होता.

आता कुरकुर गेली आहे. ती गेल्यामुळे तिच्याखाली दडलेली एक बारीक धपधप ऐकू येते. मागचा डावा रोलर. चाचा सप्टेंबरमध्ये कायमचे खेडला परत जाणार आहेत, तेव्हा त्याआधी एका शुक्रवारी तो घेऊन सनाइयात जायला हवं.